वॉर्ड आत, मार्टिनची माणसं बाहेर: जेम्सटाउन 1619 मधलं सदस्यत्वाचं प्रकरण

30 जुलै 1619, शुक्रवार. व्हर्जिनियाची जनरल असेंब्ली जेम्सटाउनच्या चर्चमध्ये पहिल्यांदा भरली. इंग्रजी अमेरिकेतलं हे पहिलं प्रातिनिधिक कायदेमंडळ. त्याने पहिल्या दिवशी सर्वात आधी जे काम हातात घेतलं ते कायद्याचं नव्हतं. निवडून आलेल्या बावीस जणांपैकी बसायचा हक्क कोणाला आणि कोणाला नाही, यावरच सभा अडली. एका माणसाकडे कसलेच कागद नव्हते, त्याला घेतलं. दुसऱ्याकडे सगळ्या वसाहतीत नसेल एवढी भक्कम सनद होती, त्याच्या दोन्ही प्रतिनिधींना बाहेर काढलं. वरवर हे निकाल एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. कागद नीट वाचले तर दोन्हीमागे एकच कसोटी दिसते.

आधी सभेची मांडणी पाहू, कारण पुढचे काही घोटाळे तिथूनच सुरू होतात. व्हर्जिनिया तेव्हा लंडनच्या एका व्यापारी कंपनीच्या ताब्यात होती. अशा कंपन्यांची आपल्याला चांगली ओळख आहे. एप्रिल 1619 पर्यंत तिचे खजिनदार, म्हणजे प्रमुख, असलेले सर थॉमस स्मिथ हे ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर होते. व्हर्जिनिया कंपनीने 18 नोव्हेंबर 1618 रोजी नव्या गव्हर्नरसाठी सविस्तर सूचनांचा जाहीरनामा काढला. वसाहतीत त्याला ‘महान सनद’ म्हणत. हा जाहीरनामा आणि सभा बोलावण्याचं अधिकारपत्र घेऊन सर जॉर्ज यार्डली 1619 च्या वसंतात आले. अधिकारपत्रात सोपा नियम होता: प्रत्येक वस्तीने दोन प्रतिनिधी पाठवायचे. या प्रतिनिधींना बर्जेस म्हणत. अकरा वस्त्या, म्हणून बावीस बर्जेस.

चर्चच्या पुढच्या भागात गव्हर्नर आपल्या नेहमीच्या जागी बसले, दोन्ही बाजूंना त्यांचं कौन्सिल. समोर सभापती जॉन पोरी, त्यांच्या शेजारी कारकून जॉन ट्वाइन, आणि कठड्याजवळ हुकमाची वाट पाहत सार्जंट थॉमस पिअर्स. पाद्री बक यांनी प्रार्थना म्हटली. मग सगळ्या बर्जेसांना मागे चर्चच्या मुख्य दालनात पाठवलं आणि एकेकाचं नाव पुकारून पुन्हा आत घेतलं. आत येताना प्रत्येकाने राजाच्या धर्मसत्तेची, म्हणजे चर्चवर राजाचीच सत्ता आहे अशी, शपथ घ्यायची. ती घेताना कोणी अडखळलं नाही, असं इतिवृत्तात मुद्दाम लिहिलेलं आहे. ही पद्धत पोरींनी आणली यात आश्चर्य नाही. 1605 ते 1611 या काळात ते इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सचे सदस्य होते. ते सदस्य होण्याच्या आदल्याच वर्षी, 1604 मध्ये, बकिंगहॅमशरच्या जागेवरून गुडविन आणि फोर्टेस्क्यू यांचं प्रकरण गाजलं होतं. निवडणूक वैध की अवैध हे चॅन्सरी न्यायालयाने ठरवायचं की सभागृहाने, हा तिथला मुद्दा. राजा मध्ये पडला, दोघांनाही बाजूला सारून नव्याने निवडणूक घ्यायची तडजोड झाली, पण आपल्या सदस्यांचा निवाडा आपणच करायचा हा दावा कॉमन्सने सोडला नाही. नाव पुकारताना आक्षेप घेण्याची जागा ठेवायची, ही त्या वातावरणात मुरलेल्या माणसाची सवय.

पहिला आक्षेप कॅप्टन वॉर्ड यांच्यावर आला. वॉर्ड आणि त्यांचे लेफ्टनंट गिब्ज हे दोघे वॉर्डच्याच वस्तीचे बर्जेस. आक्षेप असा, की कंपनीच्या खजिनदाराची, कौन्सिलची किंवा कंपनीची कसलीही परवानगी न घेता वॉर्डने इथे वस्ती केली आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर मतदारसंघच बेकायदा. किती मतं पडली, कोणी मत दिलं, यावर कोणाचंच काही म्हणणं नव्हतं.

वॉर्डना बाहेर ठेवून चर्चा झाली. निर्णयात कारणं क्रमाने दिली आहेत आणि तो क्रम मोलाचा आहे. वॉर्डने वसाहत वाढवण्यासाठी बराच खर्च आणि कष्ट केले. स्वतः जिवाची जोखीम घेऊन तो आला. त्यानंतर त्याने भरपूर मासळी आणून व्यापाराच्या वाटेने वसाहतीची गरज भागवली. या तिन्ही गोष्टी सहानुभूतीच्या. चौथ्या कारणाआधी मात्र ‘सगळ्यांत महत्त्वाचं’ असं म्हटलं आहे: सभा भरवण्याच्या अधिकारपत्रात प्रत्येक वस्तीतून दोन बर्जेस घ्यायचे असं लिहिलंय, आणि त्याला कसलाही अपवाद किंवा मर्यादा जोडलेली नाही. म्हणजे सभेने आपल्या मूळ कागदाचा शब्दशः अर्थ लावला. ‘प्रत्येक वस्ती’ म्हणजे प्रत्येक वस्ती. तिच्या मालकाकडे जमिनीचा कागद आहे का, हे अधिकारपत्र विचारत नाही.

पण दार सताड उघडलं नाही. अट घातली: या सभेपासून पुढच्या सभेपर्यंत, कायदेशीर अडचण आली नाही तर, वॉर्डने लंडनहून रीतसर परवाना मिळवायचा, जसा इतर वस्त्यांच्या प्रमुखांनी मिळवला आहे. हयगय केली तर पुढची सभा जो ठपका ठेवेल तो मान्य करायचा. वॉर्डने सगळ्यांसमोर कबुली दिली. मग पूर्ण सभेच्या आवाजी संमतीने आधी शपथ, मग जागा. सशर्त सदस्यत्वाचा हा नमुना चांगला बांधलेला आहे. मुदत आहे, करायचं काम स्पष्ट आहे, चुकल्यास कोण निवाडा करणार तेही ठरलेलं आहे, आणि ज्याच्यावर अट आहे त्याची संमती नोंदलेली आहे. एवढं नेटकं काम पुढच्या प्रकरणात झालं नाही.

दुसरा आक्षेप खुद्द गव्हर्नरांनी काढला. तोवर सगळ्यांच्या शपथा झालेल्या, सगळे आपापल्या जागी बसलेले. त्यात जेम्स नदीच्या दक्षिण तीरावरच्या मार्टिन्स ब्रँडन या वस्तीचे थॉमस डेव्हिस आणि रॉबर्ट स्टेसी हेही होते. यार्डली म्हणाले, पुढे जाण्याआधी हे तपासलं पाहिजे की कॅप्टन मार्टिनच्या बर्जेसांना इथे जागा असावी का. आणि त्यांनी मार्टिनच्या सनदेची प्रत काढली.

जॉन मार्टिन म्हणजे कोणी किरकोळ आसामी नव्हे. 1607 मध्ये वसाहत सुरू झाली तेव्हाच्या सात जणांच्या पहिल्या कौन्सिलमध्ये तो होता. वडील सर रिचर्ड मार्टिन लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख आणि शहराचे लॉर्ड मेयर राहिलेले. व्हर्जिनियात त्याच्याकडे तोफखान्याचं प्रमुखपद होतं. त्याच्या सनदेतलं कलम असं: तो जी माणसं सोबत नेईल किंवा पुढे त्याच्याकडे पाठवली जातील, त्यांच्यावर मार्टिन आणि त्याचे वारस स्वतः हुकूम चालवतील, वसाहतीच्या कोणत्याही हुकमापासून मुक्त राहून. अपवाद एकच: बाहेरच्या किंवा आतल्या शत्रूविरुद्ध वसाहतीला मदत करणं. लढाईपुरता सहभाग आणि बाकी सगळी मोकळीक. इनाम-वतनाच्या कागदांशी परिचय असलेल्याला हा मजकूर अनोळखी वाटणार नाही.

सभेने हेरलेली अडचण साधी आणि धारदार होती. सभा सगळ्या वसाहतीसाठी कायदे करणार. मार्टिनचे दोन बर्जेस त्यावर बोलणार, मत देणार. आणि घरी गेल्यावर त्यांची माणसं तो कायदा पाळायचा की नाही हे स्वतःच्या मर्जीने ठरवणार. सभेची थट्टा करायलाही ती मोकळी. ठरावात म्हटलं आहे की अशा स्थितीत हे दोघे निष्ठावान बर्जेस नसून हेर ठरतात. शब्द जरा कडवट आहे, पण तर्क सुटत नाही: जो कायदा स्वतःला लागूच नाही तो घडवायला बसलेला माणूस प्रतिनिधी नाही, प्रेक्षक आहे, आणि तोही आतल्या गोष्टी बाहेर नेणारा. म्हणून हुकूम झाला: दोघांनी सभेतून उठावं. मार्टिनने स्वतः हजर व्हावं. त्याने ते कलम सोडून इतरांसारखी सर्वसाधारण राज्यव्यवस्था मान्य केली तर दोघे पुन्हा आत. नाहीतर कायमचे बाहेर.

हे चालू असताना मार्टिनविरुद्ध वेगळीच तक्रार पुढे आली. मक्याच्या व्यापारासाठी त्याने आपली शॅलप, म्हणजे उथळ पाण्यात चालणारी लहान होडी, चेसापीक उपसागरात पाठवली होती. तिच्यावर प्रमुख म्हणून हॅरिसन नावाचा निशाणदार. शपथेवर झालेल्या साक्षीनुसार हॅरिसन स्वतःच सांगत होता, की सफर वायाच जायची, पण एका खाडीतून बाहेर येणारी इंडियनांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, डोंगी भेटली. त्या खाडीत शॅलप शिरू शकत नव्हती. इंडियन मका विकायला तयार होईनात. तेव्हा होडीतली माणसं हत्यारं घेऊन डोंगीत शिरली आणि मका जबरीने घेतला, टोपलीने मोजून आपल्या होडीत भरला. बदल्यात तांबं, मणी आणि देवघेवीचं इतर सामान दिलं, असं हॅरिसनचं म्हणणं. टोपलीने मोजून केलेली लूट हा या कागदातला सगळ्यात बोलका तपशील आहे. हिशेब ठेवला म्हणून तो व्यापार होत नाही, हे सभेलाही दिसलं. त्या लोकांनी आपला प्रमुख ओपेचनकानो याच्याकडे दाद मागितली आणि त्याने गव्हर्नरांना निरोप धाडला.

तक्रार सदस्यत्वाची नव्हती, तरी तिने सदस्यत्वाच्या वादाला वजन दिलं. ‘वसाहतीच्या हुकमापासून मुक्त’ या शब्दांचा व्यवहारात काय अर्थ होतो ते समोर आलं. ब्रँडनच्या माणसांनी आगळीक करायची आणि बदला घ्यायला आलेल्यांना साऱ्या नदीकाठाने तोंड द्यायचं. सभेने ठरवलं की यापुढे मार्टिनने व्यापाराला माणसं पाठवण्याआधी गव्हर्नरची परवानगी घ्यावी आणि त्यांच्या वागणुकीबद्दल जामीन द्यावा. पुढे हाच नियम सगळ्यांसाठी कायद्यात आला: उपसागरात शॅलप, पिनेस किंवा जहाज नेणाऱ्या प्रत्येकाला परवाना आणि इंडियनांवर जबरदस्ती न करण्याचा जामीन.

त्याच दिवशी मार्टिनला समन्सचं पत्र गेलं. बाहेर मायना ‘आमचे अतिप्रिय मित्र’ असा, खाली सह्या ‘तुमचे प्रेमळ मित्र’ म्हणून, आणि मधला मजकूर लगेच जेम्सटाउनला हजर व्हा असा.

सोमवार, 2 ऑगस्टला मार्टिन कठड्यासमोर उभा राहिला. सभापतींनी दोन्ही हुकूम वाचून दाखवले. त्याने लांबलचक कैफियत मांडली, सनदेवरच्या इतर आक्षेपांनाही उत्तरं द्यायचा प्रयत्न केला. शेवटी सरळ प्रश्न झाला: हे कलम सोडता का? सर विल्यम थ्रॉकमॉर्टन आणि इतरांच्या सनदांत असलं काही नाही, हेही त्याच्या कानावर घातलं. उत्तर नकारार्थी. सनदेचा कोणताही भाग मी मोडणार नाही. मग सभेने ठरवलं, त्याच्या बर्जेसांना प्रवेश नाही. दुसऱ्या हुकमावर मात्र तो राजी झाला: सनद काहीही म्हणो, उपसागरात माणसं पाठवताना जामीन देईन.

या दोन उत्तरांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. मार्टिन अंमल मानायला तयार होता, तत्त्व सोडायला नाही. एखाद-दुसऱ्या बाबतीत स्वखुशीने जामीन दिला तर कलम शाबूत राहतं. कलम सोडलं तर पुढच्या प्रत्येक बाबतीत हात बांधले जातात. सनदधारकाच्या जागेवरून पाहिलं तर त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. दोन बर्जेस गेले तर गेले, स्वायत्तता राहिली. सभेनेही हे ओळखलं असावं, कारण तिने प्रकरण तिथे संपवलं नाही.

सनद रद्द करायचा अधिकार सभेला नव्हता. ती कंपनीने दिलेली. म्हणून सभापतींमार्फत लंडनला विनंती गेली, की सनदेतल्या आणखी एका कलमाचा अर्थ सांगा. त्यात म्हटलं होतं, इंग्लंडमधल्या कोणत्याही मॅनरचा, म्हणजे जहागिरीचा, मालक आपली जमीन जितक्या पूर्ण हक्काने भोगतो तितक्याच हक्काने मार्टिनने आपली भोगावी. काही जण यातून असा अर्थ काढत होते, की त्याच्या हद्दीत शिरलेल्या कर्जबुडव्यालाही तो कायद्यापासून संरक्षण देऊ शकतो. यावर सभेचं उत्तर खोचक आहे: या कलमाबद्दल कमीत कमी एवढं म्हणता येईल की ते अस्पष्ट आहे, आणि इंग्लंडमधल्या सगळ्या मॅनरांचे विशेषाधिकार इथे बसून आम्हाला कळणं अशक्य आहे. आणि मग कंपनीचाच कागद कंपनीसमोर ठेवला: ‘महान सनदे’च्या शेवटी तुम्हीच लिहिलंय की जमिनीच्या सगळ्या सनदा शक्य तितक्या समान सवलतींच्या असाव्यात, म्हणजे पक्षपाताची तक्रार उरणार नाही. मार्टिनच्या सनदेत याला छेद देणारं काही आढळलं तर तो अडथळा दूर करा.

आता दोन्ही निकाल शेजारी ठेवा. वॉर्डकडे कागद नव्हता, पण तो सभेच्या अटीला आणि पुढच्या ठपक्याला बांधला जायला तयार होता. मार्टिनकडे कागद होता, आणि तोच त्याला सभेपासून मोकळं ठेवत होता. सभेने विचारलेला प्रश्न दोघांना एकच: आम्ही केलेला कायदा तुमच्या वस्तीवर चालेल का? जमिनीचा हक्क कुठून आला याला दुय्यम स्थान. मालकीच्या कागदांवर उभ्या असलेल्या वसाहतीत ही भूमिका घेणं सोपं नव्हतं.

तिची व्यावहारिक निकड त्या पाच-सहा दिवसांतल्या कायद्यांवरून कळते. उत्तम तंबाखूचा भाव पौंडाला 3 शिलिंग, दुय्यम प्रतीचा 18 पेन्स असा बांधला. प्रत्येक घरधन्याने दर नोकरामागे एक पिंप मका शिल्लक ठेवायचा. प्रत्येक माणसाने सात वर्षं दरसाल तुतीची 6 रोपं लावायची, रेशमासाठी. भाव बांधायचा तर सगळीकडे एकच हवा. नदीकाठची एक वस्ती त्यातून सुटली की चोरटा माल तिकडूनच वाहणार. मक्याचा साठा, इंडियनांशी व्यापार, कर्जवसुली, सगळ्यांचं तेच.

प्रकरणात कच्चे दुवे आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. क्रम चुकला, ही पहिली गोष्ट. वॉर्डवरचा आक्षेप शपथेआधी आला, म्हणून तो प्रवेशाचा प्रश्न राहिला. मार्टिनच्या बर्जेसांवरचा आक्षेप शपथ घेऊन बसल्यावर आला, म्हणजे तो हकालपट्टीचा प्रश्न झाला, आणि तरी दोन्हींना एकाच मापाने वागवलं. सनदेची प्रत गव्हर्नरांकडे होती, तर ती नावं पुकारतानाच काढता आली असती. दुसरं, सशर्त सदस्य वॉर्ड मार्टिनविरुद्धच्या निर्णयाच्या वेळी सभेत बसलेला होता. स्वतःच्या कागदांची तपासणी बाकी असलेला माणूस दुसऱ्याच्या कागदांवर निवाडा देत होता. तिसरं, आक्षेप काढणारे गव्हर्नर. सभेने आपला हक्क बजावला खरा, पण मार्टिनच्या बाबतीत पहिला धक्का कार्यकारी सत्तेकडून आला. सभागृहाच्या स्वातंत्र्याचा हा निखळ विजय म्हणून सांगितला जातो तेव्हा हा तपशील हळूच गळतो.

ब्रँडनच्या सामान्य रहिवाशांना तर कोणी विचारलंच नाही. कलम मार्टिनचं, हट्ट मार्टिनचा, आणि प्रतिनिधित्व गेलं ते त्यांचं. त्याच जुलैत लंडनला कंपनीसमोर व्हर्जिनियातल्या पोलिश कारागिरांचा वाद आला होता, आणि तिथे त्यांना इतर रहिवाशांसारखे हक्क द्यायचं ठरलं. म्हणजे हक्क वस्तीच्या मालकापासून सुटा करून पाहणं त्या काळालाही अगदीच परकं नव्हतं.

आपल्या सदस्यांचा निवाडा करायचा हा अधिकार व्हर्जिनियाच्या सभागृहाने पुढे बऱ्याचदा वापरला, आणि नेहमी चांगल्या कारणासाठी नाही. 1652 मध्ये जॉन हॅमंड आणि जेम्स पायलँड यांना काढलं. 1663 मध्ये लोअर नॉरफोकच्या जॉन पोर्टर यांना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांबद्दल ममत्व बाळगतो म्हणून घालवलं. त्यांच्यापुढे शपथा ठेवल्या, त्यांनी नाकारल्या, आणि प्रकरण आटोपलं. 1619 ची कसोटी कायद्याला बांधलं जाण्याची होती, 1663 ची पंथाची. हत्यार मात्र तेच.

1619 च्या सभेचं संख्याबळ मार्टिनचे दोघे गेल्यावर वीसवर आलं. रविवारी, 1 ऑगस्टला स्मिथ्स हंड्रेड या वस्तीचे बर्जेस शेली वारले, म्हणून एकोणीस. रिकाम्या जागा भरल्या नाहीत. उकाड्याने सदस्य आजारी पडू लागले तेव्हा 4 ऑगस्टला गव्हर्नरांनी कामकाज 1 मार्चपर्यंत तहकूब केलं. उठण्याआधी सभापती, कारकून आणि सार्जंट यांच्या मेहनतान्याचा ठराव झाला: सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने आणि नोकराने एक पौंड उत्तम तंबाखू द्यायचा, आणि तो त्या त्या वस्तीच्या बर्जेसांच्या हाती सोपवायचा. ब्रँडनला आता बर्जेस नव्हते. तिथला तंबाखू कोणी गोळा करायचा, याची सोय ठरावात नाही.